चासीवरचा टाका

मिस्त्री गाडीखाली सरकला आणि त्याचे फक्त बूट बाहेर राहिले.

“झोपलात की काय हो?” डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं. त्या जनावरांच्या डॉक्टर. डोंगरातल्या गोठ्यांपर्यंत जायला त्यांना ही जुनी फोर-बाय-फोर हवी होती. तपासायला त्यांनी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला धरून आणलं होतं.

खालून हातोडीची टकटक आली आणि थांबली. मघाशी मात्र स्वारी खुशीत होती. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, स्प्रिंगचे पाटे शाबूत निघाले, चारही चाकं ओढ घेत होती. मिस्त्री शीळ घालत होता. ती शीळ थांबली होती.

गाडीचा मालक दारात उभा राहून किल्ली या हातातून त्या हातात करत होता. सत्तरीचा माणूस.

“लपवत नाही काही,” तो म्हणाला. “मुलाची गाडी. सहा वर्षांपूर्वी त्यानं जुनीच घेतली होती. दोन वर्षांपूर्वी उतारावर वळण चुकलं. गाडी वाचली.” तो थोडा थांबला. “पत्रा ठोकून घेतला, रंग मारला. तेव्हापासून शेडमध्येच आहे.”

“काका, राहू द्या.”

“नाही बाई, ऐका. सगळे म्हणाले, पोरगा भरधाव होता. आणि त्या दिवशी मीच त्याला फोनवर म्हटलं होतं, लवकर ये, जेवायचे थांबलोय. त्याची आई दोन वर्षं माझं ताट वाढते, पण मान वर करून बघत नाही.” तो गाडीखालच्या बुटांकडे वळला. “मिस्त्री, गाडी घ्या नाहीतर राहू द्या. मला एवढंच सांगा, दोष गाडीचा होता का?”

“बाई,” खालून आवाज आला, “स्टिअरिंग फिरवा जरा.”

बाईंनी फिरवलं. स्टिअरिंगचा डबा चासीला जिथं बसतो, तिथं केसाएवढी भेग उघडली. आधी डबा कलला, मग चाकं वळली.

“परत.”

तिसऱ्यांदाही त्यानं फिरवायला लावलं. खरं तर एकदाच पुरे होतं.

मग तो बाहेर आला. हात पुसले. पुन्हा पुसले. पाणी मागितलं. मालकाच्या बायकोनं तांब्या आणून दिला आणि ती उंबऱ्याशीच थांबली.

“मुलानं खालचं काही काम करून घेतलं होतं?”

“छे. तेल बदलायचा तेवढंच. असलंच तर आधीच्या मालकानं केलेलं.”

“निघू या बाई. ही गाडी नको.” मिस्त्री फाटकाकडे चालू लागला.

“अहो, पण का? त्यांना काहीतरी सांगाल की नाही?”

फाटकाच्या कडीला हात लावून तो उभा राहिला. कडी काढली, परत घातली. मग मागे आला. मालकाकडे न बघता, त्याच्या बायकोकडे बघत बोलला.

“दोष गाडीचा होता, वहिनी. चासीला जुना टाका आहे. गंज घासलाच नाही, वरूनच वेल्डिंग मारलं आणि काळा रंग फासून दिला. घाईचं काम. वळणावर तो सुटला. मुलानं स्टिअरिंग फिरवलं असणार, चाकांनी ऐकलं नसणार. सावकाश आला असता तरी हेच झालं असतं.”

 मालकाची बायको उंबरा उतरून आली आणि तिनं नवऱ्याच्या दंडाला धरलं.

“ऐकलंत?” ती म्हणाली. “ऐकलंत ना?”

म्हातारा मान हलवत राहिला. डोळे पुसून झाल्यावर त्याचा आवाज बदलला.

“कोणी मारला हा टाका? कळतं का ते?”

“कळतं. वेल्डिंगलाही वळण असतं, अक्षरासारखं. ज्याचा त्याचा हात दिसतो.”

“म्हणजे तुम्ही ओळखता त्याला!”

“ओळखतो.”

“अजून हेच करतोय का तो? आणखी कुणाच्या पोराच्या गाडीखाली?”

“नाही. सोडलं त्यानं हे काम.”

“कधी?”

मिस्त्रीनं खिशातली हातोडी काढून बॉनेटवर ठेवली.

“आत्ता.”