पृथ्वीराजची मुलाखत

“आरं खुळ्या, हत्तीला शेपटीच्या जागी सोंड बसवतोस व्हय?”

पिराजींनी कपाळावर हात मारला. समोर चटईवर त्यांचा चार वर्षांचा नातू पृथ्वीराज मांडी घालून बसला होता आणि लाकडी पझलमधली सोंड हत्तीच्या मागच्या अंगाला दाबत होता. वर तोंडानं गाणंही चालू होतं. त्याला कशाची फिकीर नव्हती. सगळी फिकीर आजोबांच्या वाट्याला आली होती.

त्याचं असं झालं. सून प्रीती तीन महिन्यांपूर्वी ते खोकं घेऊन आली आणि म्हणाली, “आबा, शाहूपुरीतल्या शाळेत पोराची मुलाखत हाय. तिथं पझल लावायला देतात. त्यानं म्हणे पोरांची बोटं वळतात, नजर बसते, डोकं चालतं. मला नोकरीतनं वेळ न्हाय. तुम्हीच शिकवा की.”

“तुकडं जुळवून कोण हुश्शार झालंय?” पिराजी गुरगुरले. पण पस्तीस वर्षं कसबा बावड्याला कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. खाचेत खाच बसवायचं काम समोर आल्यावर तो गप बसतोय होय! त्यांनी हात लावला नाही असं मशीन नव्हतं आणि कुणाचं ऐकलं असंही कधी घडलं नव्हतं. दिवाळीत चार दिवस दवाखान्यात राहून आले, तेव्हा मिळालेला व्यायामाचा कागद त्यांनी घडी घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. “चेंडू दाबत बसायला मी काय बारकं पोर हाय?” विषय संपला.

शिकवायचं म्हटल्यावर मात्र गडी रंगात आला. सकाळी चहा झाला की चटई पडायची.

पण पोरगं लई मंद! काठाचे तुकडे आधी लावायचे, एवढं कळायला त्यानं महिना घेतला. एरवी घरात मोठा चलाख. आईच्या मोबाईलचा नंबर एकदा बघून पाठ केलेला. पझल समोर आलं की नुसता दगड.

“आबा, दावा की.”

“आरं किती येळा दावू?”

“ह्या हातानं न्हाय, त्या हातानं. ह्याची सावली पडतीया.”

मग पिराजी उजवा हात पुढं करायचे. तो थंडीनं जरा जड पडलाय, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला बोटांतून तुकडा निसटायचा आणि शिव्या तुकड्याला बसायच्या. “असला गुळगुळीत माल कोण करतंय रं?” पृथ्वीराज खदखदून हसायचा, तुकडा उचलून परत त्यांच्या हातात द्यायचा. असं दिवसातून शंभरदा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पिराजींना जेवण गेलं नाही. नातवावर जीव होता त्यांचा. एवढंसं पोर, पहिल्याच पायरीला नापास झालं तर? आणि लोक म्हणणार, मास्तरच कच्चा होता.

“प्रीती, तारीख पुढं ढकलून मिळती का बघ की.”

“न्हाय मिळत, आबा. तुम्ही नका काळजी करू.”

दुसऱ्या दिवशी तिघं शाहूपुरीत पोचली. खोलीत भिंतभर आरसा, कोपऱ्यात रंगीत चेंडू, आणि चार पायऱ्या चढून कुठंच न जाणारा एक छोटा लाकडी जिना. “खेळायला लई सोय केलीया पोरांची,” पिराजींना शाळा आवडली. प्रीती ओढणी सारखी करत राहिली.

अनुजा मॅडम आल्या. टेबलावर मोराचं नवं पझल पसरलं. “आजोबा, तुम्हीही जवळ बसा,” असं म्हणून त्यांनी घड्याळ लावलं.

पृथ्वीराजनं पहिलाच तुकडा उचलला आणि मोराची मान पायाला लावली. पिराजींना घाम फुटला. पोरानं मान काढली, पिसाऱ्याच्या मधोमध ठेवली, आणि तोंड पाडून म्हणाला, “आबा, जमंना.”

झालं! पिराजींचा तोल सुटला. “आरं बघ, खाच बघ आधी!” उजवा हात टेबलावर झेपावला. काठ, पाय, मान, पिसारा. टक, टक, टक. शेवटचा डोळा बसवला आणि तोंडातून आपसूक निघालं, “नाद खुळा!”

मग त्यांना कळलं, आपण काय करून बसलो. पोराचा पेपर आजोबानं सोडवला होता! त्यांचं तोंड उतरलं. कारखान्याच्या साहेबापुढं कधी न जोडलेले हात त्यांनी जोडले.

“मॅडम, चूक माझी हाय. पोराचा काय बी दोष न्हाय. त्याला नापास करू नका, पाया पडतो. पुन्यांदा बसवा त्याला.”

मॅडम त्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिल्या. प्रीतीनं ओढणी तोंडावर धरली होती. ती हसत होती का रडत होती, पिराजींना कळेना.

“पाच मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “आणि एकही तुकडा खाली पडला नाही.”

पृथ्वीराज खुर्चीवरून उतरला आणि त्यानं मॅडमचा पांढरा कोट ओढला.

“डॉक्टरबाई, आता मी मुद्दाम चुकायचं बंद करू का?”