आम्ही की आपण

अतिदक्षता विभागाशेजारच्या छोट्या खोलीत तिघंच बसले होते: डॉक्टर, पेशंटची बायको आणि दुभाषी मुलगी. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले की आता सुधारणा होणार नाही, श्वासाचं मशीन बंद करायला हवं. त्यांच्या वाक्याची सुरुवात 'वी'ने झाली होती. मुलगी तिथेच अडली. या 'वी'चं मराठी आम्ही करायचं की आपण? आपण म्हटलं, तर नवऱ्याला जाऊ दिल्याचं ओझं या बाईंच्या माथी जन्मभर राहील.

"काकू, आता सुधारणा होणार नाही. डॉक्टर म्हणतात, आम्ही मशीन बंद करतो."

बाई रडल्या नाहीत. हातातल्या नवऱ्याच्या चष्म्याची काडी उघडत-मिटत बसल्या. मग म्हणाल्या, "ते 'वी' म्हणाले ना? तेवढं इंग्रजी कळतं मला. त्यात मी नाही का?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "आहात. पण तुम्हाला त्रास नको, म्हणून…"

"अगं, भिंतीला रंग कुठला द्यायचा इथपासून सगळं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. आता ते बोलत नाहीत, म्हणून मी अंग काढून घेऊ? नीट सांग."

मुलीने वाक्य पुन्हा सांगितलं. "काकू, आपण मशीन बंद करायला हवं, असं डॉक्टर म्हणतात."

"हं," बाई म्हणाल्या. "करू या."