ॲसिडच्या बाटल्या

मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याने सेप्टिक टाकीत डोकावून पाहिलं. "मैला कुजलाच नाही. घरात रोज ॲसिड कोण ओततं? त्याने कुजवणारे जंतूच मरतात."

दिगंबर बायकोवर खेकसला, "शालन, एवढंही कळत नाही तुला?"

खिडकीआड तिचे सासरे मान खाली घालून बसले होते. ऑपरेशनपासून त्यांना संडासापर्यंत वेळेत पोचणं जमत नसे. झालेली घाण ते गुपचूप ॲसिड ओतून स्वतःच धूत. त्यांच्या खाटेखालच्या बाटल्या शालनने पाहिल्या होत्या.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उद्यापासून नुसत्या पाण्याने धुवीन."

खिडकीआड सासऱ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या सकाळी संडासाला निघताना त्यांनी पहिल्यांदाच हाक मारली, "शालन, जरा हात देतेस का, पोरी?"