ठिपकीचा सातवा ड्रॅगन

या, जरा जवळ सरका. मागच्यांनो, पुढे जागा आहे. एका घड्याळजीची, त्याच्या बायकोची आणि एका अंड्याची गोष्ट सांगतो. फार लांबवत नाही.

"अहो, पुरे झाली ती अंडी!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "कोंबडी पाळली असती तर निदान न्याहारीची सोय झाली असती."

घड्याळजीनं संगणकावरची नजर काढली नाही. "कोंबडीला आग ओकता येते का?"

"त्याला घरात मी आहे की."

तो हसला. हा खेळ त्याला लेकीनं शिकवला होता. ती जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाली, त्याच्या आदल्या दिवशी. तिच्या नाकावर एक तीळ, म्हणून घरात ती ठिपकी. "तिथे फोन लागत नाही, बाबा," ती म्हणाली होती, "पण बंदरात खेळ उघडता येईल. तिथे भेटू."

खेळ पाळीव ड्रॅगनांचा. दर मोठ्या सुट्टीला त्या सुट्टीचं एक खास अंडं मिळायचं, तेही दोनच दिवस. हुकलं की कायमचं हुकलं. उन्हाळी सुट्टीचा सोनेरी, पानगळीचा तांबूस, वर्षअखेरचा शिंगांवर दिवे लावलेला. आणि नियम मोठा विलक्षण. अंडं मालकाच्या नजरेनं फुटत नाही. दुसऱ्या कुणीतरी रोज येऊन त्याच्याकडे पाहावं लागतं. सलग पाच दिवस कुणी फिरकलं नाही, तर ते काळं पडतं आणि मालकाच्या पानावर तसंच राहतं. माणसाचं तरी याहून काय वेगळं असतं म्हणा!

ठिपकीच्या पानावर सहा ड्रॅगन होते. एकही अंडं काळं पडलेलं नव्हतं. रोज सकाळी दात घासायच्या आधी घड्याळजी तिच्या पानावर डोकावून यायचा.

दर रविवारी खेळात तिचा निरोप असायचा. तो मोठ्यानं वाचायचा आणि बायको लसूण सोलत ऐकायची. जेवते का, झोप होते का, केस कापले का, सगळं विचारून घ्यायची. 'येणार कधी' एवढं मात्र तिनं कधी विचारलं नाही. आईचं काळीज, त्याला वाटायचं. उत्तराला भीत असेल.

"लेकीशी एवढं गूळपीठ," ती म्हणायची, "आणि घड्याळजीच्या घरातलं घड्याळ बंद! गावाची घड्याळं चालवता, भिंतीवरचं हे एक तेवढं मुकं."

"त्याला हात लावू नकोस. स्प्रिंग सुटेल."

"बरं बाई, नाही लावत."

या हिवाळी सुट्टीला ठिपकीच्या पानावर सातवं अंडं आलं. पांढरंशुभ्र, वर निळ्या रेघा. सोमवारी आलं आणि मंगळवारी दुकानात डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच घड्याळजीच्या छातीत कळ आली. शेजारच्या चांभारानं त्याला दवाखान्यात पोचवलं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं ते अंड्याचं.

"कुणाचं अंडं, आजोबा?" सिस्टर म्हणाली.

"ड्रॅगनचं."

सिस्टरनं त्याचा ताप पुन्हा मोजला.

संध्याकाळी बायको पेज घेऊन आली. तो म्हणाला, "अगं, घरी माझं पान उघडंच असतं. तिथून तिचं अंडं रोज एकदा बघ. नुसतं बघायचं."

"मला त्यातलं काय कळतंय? मी आपली चूल ओळखते. तुम्ही पेज प्या."

"ते काळं पडेल."

"पडू दे. तुम्ही पांढरे पडलाय ते आधी बघा."

बुध, गुरू, शुक्र, शनी. खाट सोडायची परवानगी नव्हती. तो छताकडे बघत दिवस मोजायचा. तिच्या पानावर मेलेलं काही दिसता कामा नये, एवढंच त्याचं देवाजवळ मागणं होतं. स्वतःच्या छातीसाठी त्यानं काही मागितलं नाही.

रविवार उजाडला. अंड्याचा शेवटचा दिवस आणि निरोपाचा वार. सकाळपासून तो दाराकडे बघत होता. बायको रिकाम्या हातानं येईल, 'आज लेकीचा निरोप नाही हो' म्हणेल. तिला काय सांगायचं, ते त्यानं दहा वेळा मनात जुळवलं आणि दहा वेळा मोडलं.

ती आली. डबा ठेवला, पदरानं चष्मा पुसला, खुर्ची ओढून बसली.

"फुटलं अंडं," ती म्हणाली. "पिल्लू गोड आहे. नाकावर ठिपका आहे त्याच्या."

"तू... तू पाहिलंस?"

"रोज. आणि ठिपकीचा निरोपही आलाय. लिहून आणलाय, थांबा." तिनं कागद उलगडला. "'बाबा, सातवा मिळाला. तुम्ही औषध वेळेवर घ्या. आईला त्रास देऊ नका. घाई करू नका, मी कुठे जात नाही.'"

घड्याळजी त्या कागदाकडे बघत राहिला. ठिपकी आता या जगात नाही, असं जहाज कंपनीचं पत्र आलं त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून लेकीची अंडी तोच घ्यायचा. दुकानात, दोन घड्याळांच्या मध्ये, दर आठवड्याचा निरोपही तोच लिहायचा.

बायकोनं कागदाची घडी घालून त्याच्या उशाखाली सरकवली. मग डब्याचं झाकण काढता काढता, दुसरंच काही बोलावं तसं म्हणाली, "भिंतीवरच्या त्या मुक्या घड्याळाची धूळ मीच पुसते हो, तीन वर्षं. आतूनसुद्धा. पत्र आणि तिच्या पानाचा पासवर्ड लिहिलेली ती चिठ्ठी, दोन्ही परत जिथल्या तिथे ठेवलंय. जेवा आता."

बाबांनो, बायांनो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा. खरं नाव नसलं तरी चालेल. ठिपकी म्हणा.