दोघींच्या कानांत

मेथी निवडता निवडता विनीताताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि धारच्या बहिणीशी बोलायला सुरुवात केली. ओट्याशी सून पोळ्या लाटत होती, पण तिची अडचण नव्हती. ईशानी सोनकच्छची, हिंदी आणि माळवीखेरीज तिला काही कळत नसे. त्यातून गेले काही दिवस तिच्या कानांत सारखी ती पांढरी बटणं. गाणी ऐकत असणार दिवसभर.

"आमटीत गूळ घालतात हे अजून हिला ठाऊक नाही, ताई," विनीताताई म्हणाल्या. "चैत्रात हिचं पोट पडलं तेव्हा मी देवापुढे रडले. आता वाटतं, एका परीनं बरंच झालं. हिच्या हाताखाली पोर काय मोठं झालं असतं!"

लाटणं थांबलं. पोळी चिकटली असावी. मग ते पुन्हा फिरू लागलं.

तेवढ्यात कामावरची पाळी संपवून पियूष आला. हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाला, "आई, हिनं तुला ही गंमत दाखवली की नाही?" आणि त्यानं ईशानीच्या एका कानातलं बटण काढून घेतलं.

"रहने दो ना," ईशानी घाईनं म्हणाली. "अभी नहीं."

"अगं, बघू दे की तिलाही." त्यानं ते आईच्या कानात बसवलं. "कुणी मराठीत बोललं की इथं लगेच हिंदीत ऐकू येतं. हिनंच मागवलंय. गौरींना सगळे जमतात आणि मी मुक्यासारखी बसते, म्हणाली. शिवाय आई दिवसभर काय काय सांगत असतील, तेही कळेल."

विनीताताईंचा हात फोनकडे गेला. पण धारहून ताईंचा आवाज आलाच, नीट विचार करून बोलल्यासारखा.

"तू म्हणतेस तेच खरं, विनू. पोर गेलं ते बरंच झालं."

आणि कानात, बसस्थानकावर गाड्यांची नावं सांगावीत तशा गोड, स्वच्छ आवाजात: "तुम ठीक कहती हो, विनू। बच्चा चला गया, अच्छा ही हुआ।"

विनीताताईंनी मान वर केली. ईशानीच्या दुसऱ्या कानात बटण तसंच होतं. गेल्या कितीतरी दुपारी याच टेबलाशी बसून आपण काय काय बोललो, ते त्यांना आठवू लागलं. तिच्या वडिलांच्या बोलण्याची नक्कल. तिच्या आईनं दिलेली साडी. आणि बोलून झाल्यावर रोज हिनं पुढे ठेवलेला चहा.

"मावशी कुणाबद्दल बोलतेय?" पियूषनं विचारलं.

विनीताताईंनी मेथीची जुडी पुढे ओढली.

"उधर धार में किसी की बात है," पाठमोरी ईशानी म्हणाली. "तुम हाथ-मुँह धो लो, रोटी गरम है."

पियूषनं आईकडे बघितलं, बायकोच्या पाठीकडे बघितलं आणि तो आत गेला.

"हॅलो? विनू?" ताई विचारत होत्या. विनीताताईंनी फोन बंद केला. काहीतरी बोलायला हवं होतं. मराठीत बोलावं तर ते त्या परक्या गोड आवाजात तिच्यापर्यंत जाणार. आणि हिंदीत आजवर त्या सुनेशी मीठ, दूध, धोबी एवढंच बोलल्या होत्या.

"ईशानी... मैं..."

ईशानीनं पिठाचे हात पुसले. जवळ येऊन सासूच्या कानातलं बटण काढलं. कुडीला धक्का लागू नये इतक्या हलक्या हातानं. मग आपल्या कानातलंही.

"अब नहीं लगाऊँगी, मम्मीजी," ती म्हणाली. "आप मौसीजी से आराम से बात किया करो."