खडकापलीकडे

जेटस्कीच्या तळात इंजिन धरून ठेवणारे माउंट उखडले होते. मनालने ते फायबरचे नवे थर चढवून पक्के केले आणि तिचा नवरा मुझम्मिल चाचणीसाठी गणपतीपुळ्याच्या समुद्रात शिरला.

खडकापलीकडे जाताच इंजिनचा आवाज एकदम थांबला. लाटांवर रिकामी जेटस्की हेलकावत होती. मुझम्मिल कुठेच दिसेना. "मी पक्कं केलेलं माउंटच सुटलं," म्हणत मनाल किनाऱ्यावरच्या अकबरचाचांच्या होडीत चढली.

होडी जवळ गेली, तेव्हा जेटस्कीच्या आडून मुझम्मिलचं डोकं वर आलं.

"इंजिन निखळलं ना?" ती रडतच ओरडली.



"नाय गो, मीच बंद केलं," बुडता बुडता वाचलेल्या पर्यटक मुलीला मनालकडे देत तो म्हणाला, "नायतर हिचे केस खालच्या पाणी ओढणाऱ्या पंपात खेचले गेले असते."