लेकीच्या वतीने

डॉक्टर असो की दुकानदार, लेकीला कुणी काही विचारलं की उत्तर आईच द्यायची. वर पुस्ती जोडायची, "जरा लाजाळू आहे हो आमची मुलगी."

तीच मुलगी शाळेत शिकलेलं फ्रेंच पक्कं करायला शाळेबरोबर थेट फ्रान्सला गेली, तेही एका परक्या कुटुंबात राहायला. आईच्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. त्या घरच्या बाईंनीच हसत हसत आईला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. आईची बोबडीच वळली. तेवढ्यात लेक मध्ये पडली, घडाघडा बोलली आणि बाई खळखळून हसल्या.

"अगं, काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही गं. म्हटलं, जरा लाजाळू आहे हो आमची आई."